११ सेकंद, ५ मिनिटं, ११०० दिवस

चेंडू अजून दहा-बारा पावलं दूर आहे. ज्याच्याकडे तो चाललाय, तो खेळाडू मात्र चेंडूकडे बघतच नाहीये. मान डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा एकदा खांद्यावरून मागे. चेंडू पायाशी येतो तेव्हा तो कुठे पाठवायचा हे ठरूनही गेलेलं असतं. एकच स्पर्श होतो आणि चेंडू अशा मोकळ्या जागेकडे निघतो जिथे त्या क्षणी कोणीच नसतं. अर्ध्या सेकंदानं तिथे नेमका आपलाच गडी पोचतो. याला आधी कसं कळलं?

फुटबॉलच्या मैदानावर मधल्या फळीतल्या खेळाडूची खरी मेहनत मानेची असते, असं म्हटलं तर चालेल. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी तर इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या माना सामन्यात किती वेळा वळतात हे अक्षरशः मोजलं. चेंडू मिळण्याआधी जे जास्त वेळा आजूबाजूला बघतात, त्यांचे पास जास्त वेळा नेमके पोचतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे आपल्याला पायाचं कसब वाटतं, त्याचा निम्मा भाग चेंडू येण्यापूर्वीच्या दोन-तीन सेकंदांत उरकलेला असतो!

हे कसब ज्याच्यात भरभरून होतं अशा एका डेनिश खेळाडूची ही गोष्ट. ख्रिस्तियन एरिक्सन. जन्म १४ फेब्रुवारी १९९२, फ्यून बेटावरच्या मिडेलफार्ट या छोट्या गावात. गावच्या क्लबातून तो ओडेन्सला गेला आणि सोळाव्या वर्षी घर सोडून ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबात दाखल झाला. अठराव्या वर्षी, २०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात, तो साऱ्या स्पर्धेतला सर्वात लहान खेळाडू होता. आयाक्सबरोबर त्यानं सलग तीनदा डच लीग जिंकली आणि २०१३ मध्ये तो लंडनच्या टॉटनहॅममध्ये आला. तिथे ३०५ सामने, ६९ गोल. यातले किती उजव्या पायाचे, किती डाव्या, हे लक्षात ठेवणंही अवघड, कारण दोन्ही पाय त्याला जवळजवळ सारखेच वश होते.

त्यातला एकच गोल सांगतो. ३१ जानेवारी २०१८, वेम्बली, समोर मँचेस्टर युनायटेड. शिट्टी वाजते, टॉटनहॅमचा बचावपटू चेंडू लांबवर उंच मारतो, सहकारी केनचं डोकं, मग अलीचा स्पर्श, आणि एरिक्सन चेंडू जाळ्यात घालतो. सामना सुरू होऊन ११ सेकंद झालेले असतात! समोरच्या संघाला काय घडतंय हे समजायच्या आत फलक बदललेला.

२०२० मध्ये तो इटलीत, मिलानच्या इंटर क्लबात गेला, आणि तिथे मात्र बरेच महिने बाकावर बसून राहिला. प्रशिक्षक कोंते त्याला शेवटच्या काही मिनिटांपुरता उतरवायचे. क्लब त्याला विकायलाही तयार होता. मग जानेवारी २०२१ मध्ये, इटालियन चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात, सख्ख्या वैऱ्याविरुद्ध म्हणजे एसी मिलानविरुद्ध तो उशिरा मैदानात आला आणि ९७ व्या मिनिटाला फ्री किकवर त्यानं सामना जिंकून दिला. त्यानंतर त्याची संघातली जागा पक्की झाली. त्याच मोसमात इंटरनं इटालियन लीग जिंकली आणि युव्हेंटसची सलग नऊ वर्षांची सद्दी मोडली. २९ वर्षांचा एरिक्सन आता अगदी ऐन भरात होता.

१२ जून २०२१. कोपनहेगनचं पार्केन स्टेडियम, युरो स्पर्धा, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. मध्यंतराला दोन-तीन मिनिटं उरलेली. डाव्या बाजूनं थ्रो-इन होतो, एरिक्सन चेंडूकडे जातो आणि तसाच पुढे कोसळतो. कुणी धक्का दिलेला नाही, कुणी पायात पाय घातलेला नाही.

त्याच्या छातीत त्या क्षणी काय झालं असेल?

आपल्या हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याची सुरुवात तिथून होते. तिथे एक विजेची लहर उठते, आधी वरच्या कप्प्यांवरून पसरते, क्षणभर थबकते आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांमध्ये उतरते. लहर जाईल तसे स्नायू आकसतात आणि रक्त पुढे ढकललं जातं. हे दिवसातून सुमारे एक लाख वेळा होतं, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो! आता गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांपुढे आणा. ताशा इशारा देतो आणि पन्नास ढोल एका ठोक्यात घुमतात. समजा, अचानक प्रत्येक ढोलवाला आपापल्या मनानं बडवायला लागला, तर? हात सगळ्यांचे चालू आहेत, घाम निथळतोय, जोरही तेवढाच लागतोय, पण ताल पार गेलेला. ताल बिघडला की हृदयाचं असंच होतं. प्रत्येक पेशी आपापली आकसत राहते, सगळं हृदय नुसतं थरथरतं, आणि मेंदूकडे रक्ताचा थेंबही जात नाही. दहा-पंधरा सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. त्यानंतर काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते.

मैदानावर कप्तान सिमोन केअर धावत त्याच्यापाशी पोचला. पंच अँथनी टेलर यांनी ताबडतोब डॉक्टरांना आत बोलावलं. संघाचे डॉक्टर मॉर्टेन बोएसेन आणि त्यांचे सहकारी आले. सुरुवातीला नाडी लागत होती, मग तीही गेली. छाती दाबायला सुरुवात झाली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी पाच सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त खोल. आतलं हृदय काम करत नाही, म्हणून बाहेरून हात ते काम करतात. सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं. कितीतरी जण रडत होते, पण कडं कुणी मोडलं नाही. आणि मग सामन्याच्या वैद्यकीय व्यवस्थेवर असलेले जर्मन डॉक्टर येन्स क्लाइनेफेल्ड यांनी विजेचा झटका दिला. एकच. एरिक्सन परत आला. आपण पाच मिनिटं या जगात नव्हतो, असं त्यानं पुढे एका मुलाखतीत सांगितलं.

इथे थोडं थांबू या, कारण या झटक्याबद्दल आपल्या बहुतेकांची समजूत उलटी असते. झटक्यानं हृदय सुरू होतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात झटका हृदय थांबवतो! एकाच क्षणी सगळ्या पेशींची वीज निघून जाते, सगळी टिपरं एकदम खाली येतात. पसरलेल्या या शांततेत तो वरचा छोटा पुंजका पुन्हा आपला पहिला इशारा देतो, आणि या वेळी त्याचं ऐकलं जातं. हृदय स्वतःच स्वतःला सुरू करतं. आपण त्याला फक्त संधी देतो.

आणि हे पहिल्यांदा कुठे दिसलं असेल? कोपनहेगनमध्येच! पेटर ख्रिस्तियन आबिल्डगार्ड नावाचे पशुवैद्य होते, तिथल्या पशुवैद्यक शाळेचे संस्थापक. १७७५ मध्ये त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी कोंबडीच्या डोक्याला विजेचा झटका दिला तेव्हा ती निपचित पडली. पुन्हा डोक्यालाच झटके दिले, काही फरक पडला नाही. मग छातीला दिला, तर कोंबडी उठून चालायला लागली! यातली एक कोंबडी वारंवार झटके खाऊन दिवसभर काही खाईना, पण नंतर सावरली आणि तिनं अंडंही घातलं. हृदयात वीज असते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे पुढची जवळपास सव्वाशे वर्षं या गोष्टीचं काय करायचं हेच कुणाला कळलं नाही. माणसाचं हृदय झटक्यानं पूर्ववत झालं ते थेट १९४७ मध्ये. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक या शल्यविशारदांनी, शस्त्रक्रियेसाठी उघडलेल्या छातीत, एका १४ वर्षांच्या मुलाला असं वाचवलं. छाती दाबण्याची आजची पद्धत तर त्याहून नवी. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कुत्र्यांवर प्रयोग करताना संशोधकांच्या लक्षात आलं की झटक्याच्या जड पट्ट्या छातीवर नुसत्या दाबल्या तरी रक्तदाब वाढतो. १९६० मध्ये ते जगासमोर आलं. पार्केनवर त्या संध्याकाळी जे हात चालले, ते या सगळ्यांच्या मागून आलेले.

मैदानावरच्या मदतीची ही साखळी कुठे तुटली तर काय होतं, हे आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या गोव्याला नेमकं ठाऊक आहे. ५ डिसेंबर २००४ ला बंगळूरूत फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. गोव्याच्या देम्पो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर यानं दोन गोल केले. दुसऱ्या गोलच्या वेळी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो कोसळला. मैदानावर पुरेशी वैद्यकीय मदत नव्हती. देम्पोनं चषक जिंकला, क्रिस्तियानो वाचला नाही. मिनिटं तिथेही तेवढीच होती.

एरिक्सनच्या छातीत आयसीडी नावाचं यंत्र बसवण्यात आलं. तळहातावर मावणारी एक डबी सहसा हासळीच्या हाडाखाली कातडीच्या आत ठेवतात आणि तिच्यातून एक तार शिरेमधून हृदयापर्यंत जाते. ही कल्पना सुचली ती पोलंडमध्ये जन्मलेल्या मिशेल मिरॉवस्की यांना. १९६६ मध्ये त्यांचे गुरू हॅरी हेलर हृदयाच्या अशाच बिघाडानं गेले. अशा माणसाला कायम रुग्णालयात ठेवणं शक्य नाही, मग झटका देणारं यंत्रच त्याच्या शरीरात ठेवलं तर? मोठमोठ्या तज्ज्ञांनी हे वेड्यात काढलं. मिरॉवस्की ऐकेनात. फेब्रुवारी १९८० मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिलं यंत्र माणसाच्या शरीरात बसलं.

पण विचार करा, हे यंत्र खेळाडूच्या छातीत काय करत असेल? जोरात धावताना हृदय मिनिटाला १८० ठोक्यांवर सहज जातं. त्याला बिघाड समजून यंत्रानं भर मैदानात झटका दिला तर? म्हणून ते प्रत्येक ठोका पारखत बसतं. धावण्यानं वेग वाढतो तो पायरीपायरीनं, आणि ठोके नियमित राहतात. बिघाडात वेग एकदम उसळतो आणि ठोके सैरभैर होतात. यंत्र आधी खात्री करून घेतं, मग स्वतःत वीज साठवतं आणि मगच झटका देतं. हे सगळं बहुधा दहा-पंधरा सेकंदांत होतं. ज्या कामाला पार्केनवर इतकी माणसं लागली, ते काम ही डबी एकटी करते!

इटलीच्या नियमांत मात्र आयसीडी असलेल्याला व्यावसायिक फुटबॉल खेळायची परवानगी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये इंटरशी त्याचा करार संपला. इटलीला दोष देणं सोपं आहे, पण खेळाडूंची सक्तीची हृदयतपासणी १९८२ पासून लावून त्या देशानं कितीतरी कोवळे जीव वाचवलेत. इंग्लंडमध्ये असा सरसकट नियम नाही. तिथे खेळाडू, डॉक्टर आणि क्लब मिळून ठरवतात. एरिक्सन जुन्या आयाक्समध्ये जाऊन राखीव संघातल्या पोरांबरोबर सराव करत होता. अखेर ब्रेंटफर्डनं त्याला घेतलं. तिथले तेव्हाचे प्रशिक्षक थॉमस फ्रँक डेनिश, आणि मुलांच्या संघात एरिक्सन त्यांच्याच हाताखाली खेळलेला.

२६ फेब्रुवारी २०२२ ला न्यूकॅसलविरुद्ध तो पुन्हा मैदानात उतरला. ज्याच्या जागी उतरला, त्याचं नाव मथियास येन्सन. पार्केनवर एरिक्सन कोसळल्यानंतर डेन्मार्कच्या संघात त्याच्या जागी आलेला खेळाडूही हाच मथियास येन्सन! कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर आपण पटवून घेतलं नसतं. महिन्याभरात डेन्मार्कनं त्याला नेदरलंड्सविरुद्ध, म्हणजे आयाक्सच्याच मैदानावर, दुसऱ्या सत्रात उतरवलं. दोन मिनिटांत गोल! तीन दिवसांनी पार्केनवर तो कप्तानाचा पट्टा बांधून उतरला आणि तिथेही गोल केला.

त्याच वर्षी तो मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला, ज्यांना त्यानं ११ सेकंदांत चकवलं होतं त्यांच्याकडेच. त्यांच्याबरोबर त्यानं २०२३ चा लीग चषक आणि २०२४ चा एफए चषक जिंकला. मग जून २०२४, श्टुटगार्ट, पुन्हा युरो, स्लोव्हेनियाविरुद्ध. पार्केननंतर ११०० दिवस उलटलेले. या वेळीही सुरुवात थ्रो-इननंच झाली. सहकारी योनास विंडनं टाचेनं चेंडू मागे वळवला, एरिक्सन आधीच तिकडे धावत निघाला होता. त्यानं चेंडू छातीवर घेतला, त्याच छातीवर, आणि जाळ्यात मारला. याच स्पर्धेत १३३ वा आंतरराष्ट्रीय सामना खेळून तो डेन्मार्कच्या पुरुष संघाकडून सर्वाधिक सामने खेळलेला खेळाडू झाला. आधीचा विक्रम १३२ सामन्यांचा, सिमोन केअरचा.

२०२५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, तो जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गमध्ये गेला. आयसीडीची बॅटरी साधारण सात ते दहा वर्षं टिकते, मग छोटी शस्त्रक्रिया करून डबी बदलतात. त्याची डबी २०२१ ची आहे. एरवी मैदानावरच्या माणसाचे पाय आधी थकतात, त्यामुळे बॅटरीची चिंता करायची वेळ त्याच्यावर खेळ थांबवल्यानंतरच यावी. पण हा गडी बघता काही सांगता येत नाही.