फियाटचा आरसा

घरातला आरसा डागाळला की आपण तो घासूनपुसून बघतो, चुकचुकतो आणि दिवाळीला नवा आणू म्हणून सोडून देतो. आमच्याकडे हीच वेळ गाडीतल्या आरशावर आली आणि तिथं मात्र असं सोडून देता येईना.

आमची गाडी म्हणजे १९७० सालची फियाट, अकराशे डिलाइट. सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. गिरगावात आमच्या इमारतीच्या आवारात उभी असते, रविवारी फिरून येते. सासरे गेल्यावर सीटची कव्हरं बदलली, टायर बदलले, सासूबाईंनी कशालाच हरकत घेतली नाही. पण आरशाचा विषय निघाला तशा म्हणाल्या, "अगं, तो तेवढा राहू दे. त्यातूनच बघून विचारायचे मला, डोळा लागला का म्हणून."

आता राहू द्यायचा तरी कसा? कडेनं काळा पडत पडत डाग पार मध्यावर आलेला. मागची गाडी म्हणजे नुसते दोन अंधुक दिवे! गॅरेजवाल्यानं तोड काढली. जुन्या आरशावर एक लांबलचक फुगीर आरसा चिमट्यांनी बसवून दिला. अख्खा रस्ता एका नजरेत! पण फुगीर आरशात वस्तू लहान दिसते, म्हणून लांब वाटते. मरीन ड्राइव्हवर टॅक्सी अजून लांब आहे असं समजून ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि टॅक्सी अगदी दाराशी! कचकन ब्रेक लागले. मुलं मागच्या सीटवर होती. घरी पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. तो आरसा मी त्याच संध्याकाळी उतरवला.

(गाडीतला आरसा हा पुरुषांचा प्रांत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: डोरोथी लेविट या इंग्रज बाईंनी १९०९ साली बायकांसाठी मोटारीवर पुस्तक लिहिलं. मागचं दिसावं म्हणून हातआरसा जवळ ठेवा, असं त्यात सांगितलं आहे. इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हारूननं गाडीला आरसा लावला तो १९११ साली, म्हणजे त्यानंतर!)

आमच्या डिलाइटचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची ती. तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. त्यांचा एखादा आरसा मिळेल म्हणून नणंदेला घेऊन मी चोरबाजारात मटन स्ट्रीट पालथी घातली. एक मिळाला. पण त्याचीही काच तशीच काळी! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आमची चौकट धडधाकट होती, दांडी धडधाकट होती. बिघडली होती ती फक्त काच.

आरशाच्या पाठीला चांदीचा अगदी पातळ थर असतो, त्यावर रंगाचं अस्तर. आपली खारी हवा आणि पावसाळी ओल कडेनं आत शिरते आणि चांदी काळवंडते. पुसून जाणार कशी? उलट आपण काचेवर फवारा मारतो, ते पाणी ओघळून कडेलाच साठतं. अमोनियाचं असेल तर बघायलाच नको. फवारा फडक्यावर मारावा, आरशावर नाही. हे न्हाणीघरातल्या आरशालाही लागू.

लालबागच्या एका फ्रेमवाल्यानं काम करून दिलं. चौकटीचा पत्रा काचेवर दुमडलेला असतो. स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून तो थोडा थोडा उचलायचा, घाई केली की चिरतो. त्याआधी जुन्या काचेवर चिकटपट्टी लावावी, फुटली तरी तुकडे उडत नाहीत. मग त्या काचेवरून कागद बेतायचा, अगदी ब्लाऊजसारखा! फ्रेमवाल्यानं पहिली काच जाड कापली, ती दुमडीत बसेना. दोन मिलिमीटरची सपाट काच चपखल बसली. कडा पॉलिशपेपरवर घासल्या आणि त्यांना मी रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात दिले, ओल शिरू नये म्हणून. आंबूस वासाचं सिलिकॉन मात्र आरशाच्या पाठीला लावू देऊ नका, ते चांदी खातं. आम्ही पातळ फेल्टची घडी घातली.

तुमच्या आरशाला खाली छोटी कळ असेल तर हे करू नका. त्यातली काच एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असते. रात्री कळ फिरवली की चांदीवरचा झगझगाट छताकडे जातो आणि काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून शेकडा चारेक भागच प्रकाश डोळ्यांपर्यंत येतो. साधी काच घातली की ही सोय गेली. तिथं मूळ काचेलाच पुन्हा चांदी चढवून घ्यावी.

शिवाय २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. आमचा तसा विचार चालू आहे, म्हणून चौकट राहिली याचा ह्यांनाही आनंद.

रविवारी सासूबाई मागे बसल्या. ह्यांनी आरसा नीट केला आणि सवयीनं विचारलं, "आई, दिसतंय ना?"

"दिसतंय की," त्या म्हणाल्या. "सगळ्या सुरकुत्या दिसतायत. जुन्या काचेत बरी होते मी."