तंबाखूच्या पानातील रसायन

निपाणी म्हटले की तंबाखूचे नाव ओघानेच येते. याच पानाच्या आधाराने आपण द्रव्याचे तीन प्रकार समजून घेऊ.

पान हे मिश्रण होय. पाणी, तंतू, क्षार असे अनेक पदार्थ त्यात आपापले गुणधर्म राखून एकत्र असतात. त्यांपैकीच निकोटिन हे एक संयुग. १८२८ साली जर्मनीत पोसेल्ट व रायमान यांनी ते प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ व नायट्रोजनचे २ असे २६ अणू ठराविक रचनेने जोडलेले असतात.

ही तिन्ही मूलद्रव्ये होत. मेंडेलीफ यांनी १८६९ साली ज्या आवर्त सारणीचा पाया घातला, तीत आज हायड्रोजनचा क्रमांक १, कार्बनचा ६ व नायट्रोजनचा ७ आहे. कोळशात कार्बन असतो, पाण्यात हायड्रोजन असतो, आणि हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनच असतो. मग विष आले कोठून? ते मूलद्रव्यांत नव्हे, त्यांच्या जोडणीत आहे. डाळीतील पौष्टिक प्रथिनांतही हीच तिन्ही मूलद्रव्ये असतात. पण तेथे त्यांची जुळणी निराळी असते.

निकोटिन पाण्यात विरघळते व त्वचेतून शरीरात शिरते. म्हणून दवाने ओल्या झालेल्या झाडांचे शेंडे व फुटवे उघड्या हातांनी खुडल्यास मळमळ, चक्कर, उलटी असा त्रास होऊ शकतो. दव सुकल्यावर काम करावे, हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत, एवढे विद्यार्थ्यांनी घरी अवश्य सांगावे, अशी आमची अपेक्षा आहे.