परमनंट कधी होणार?

जालना एमआयडीसीत कामाला लागलेल्या पोराला सहा महिन्यांनी घरचे, पाहुणे, सोयरे सगळे एकच प्रश्न विचारतात, ‘परमनंट झालास का?’ पगाराचा प्रश्न त्यानंतर येतो. परमनंट माणसाला बँक कर्ज देते, स्थळं येतात आणि सुपरवायझरही त्याच्याशी जरा जपून बोलतो. ठेकेदाराच्या हजेरीवर असलेल्याच्या नशिबी यातलं काहीच नाही. काम तेच, मशीन तेच, नाइट शिफ्टही तीच. फरक एका कागदाचा.

हाच कागद अमेरिकेतल्या लाखो भारतीयांनाही मिळत नाहीये. त्याचं नाव ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं कायम राहून काम करण्याचा परवाना. इंजिनिअरिंग झालं की ‘एमएस करायला जायचंय’ म्हणणारे प्रत्येक वर्गात चार-पाच जण तरी असतात. त्यांना जीआरईचा स्कोअर ठाऊक असतो, कर्जाचा हप्ता ठाऊक असतो. पण ‘तिथं परमनंट व्हायला किती वर्षं लागतील?’ हे विचारणारे फार थोडे. उत्तर ऐकून धक्का बसेल, म्हणून आधी हिशेब समजून घेऊ.

रांग अशी लागते

नोकरीसाठी मिळणारा एच-वन-बी व्हिसा आधी तीन वर्षांचा, मग आणखी तीन वर्षांचा. या काळात कंपनीनं ग्रीन कार्डासाठी अर्ज करायचा. अर्जाची पहिली पायरी ज्या दिवशी दाखल होते, ती तारीख म्हणजे तुमचा रांगेतला नंबर. नंबर लागेपर्यंत व्हिसा वाढवून मिळत राहतो.

नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं द्यायची, हा आकडा १९९० च्या कायद्यानं ठरवला. आज ३५ वर्षांनंतरही तो तोच आहे. त्यात अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ द्यायची नाहीत. दुसऱ्या देशांचा कोटा उरला, तरच त्यातलं थोडं पुढं सरकतं. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याच्या पाव भागाहूनही कमी. तरी आइसलँडला सात टक्के आणि भारतालाही सात टक्केच!

त्यातही बघितलं जातं ते जन्मस्थान. जालन्यात जन्मलेल्या मुलीनं पुढं कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, तरी अमेरिकेच्या या रांगेत ती भारतीयच. हुशारी, अनुभव, भरलेला टॅक्स यांतल्या कशानंही ती रांग बदलत नाही.

परिणाम काय? २०२५ च्या उन्हाळ्यात ‘ईबी-टू’ गटात, म्हणजे मास्टर्स झालेल्यांच्या नेहमीच्या गटात, भारतीयांसाठीची तारीख १ जानेवारी २०१३ वर अडकली होती. त्याआधी अर्ज केलेल्यांचाच नंबर. केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या २०२३ च्या हिशेबानुसार नोकरीच्या रांगेत ११ लाखांच्या आसपास भारतीय उभे होते आणि नव्यानं उभं राहणाऱ्याला १३४ वर्षं थांबावं लागेल. म्हणजे नंबर लागेल तो पणतूच्या काळात!

थांबण्याची किंमत

‘पगार डॉलरमध्ये मिळतोय ना, मग थांबले तर काय बिघडलं?’ असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. मग त्या घराचे हप्ते निम्मे फेडून झालेले असोत, नाहीतर पोरगी दहावीत असो. कंपनी बदलली तर कागदपत्रांचा मोठा भाग पुन्हा करायचा. नव्या कंपनीला तो खर्च नको असेल, तर जुनीच धरून बसायचं.

आईबापांबरोबर दोन-तीन वर्षांचं असताना गेलेलं मूल तिथंच शाळा शिकतं, तिथलीच भाषा बोलतं. पण ते २१ वर्षांचं झालं की सहसा आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. मग परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा मिळवायचा किंवा ज्या देशाची नीट आठवणही नाही, तिथं परतायचं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या भारतीय इंजिनिअरची वर्णद्वेषातून गोळ्या घालून हत्या झाली. पत्नी सुनयना दुमाला यांचं तिथं राहणं नवऱ्याच्या कागदांवर टिकलेलं होतं. नवरा गेला त्याच दिवशी त्यांचा राहण्याचा हक्कही गेला. अंत्यसंस्कारासाठी भारतात आल्यावर परत कसं जायचं, हा प्रश्न उभा राहिला. एका खासदाराच्या मदतीनं त्यांना तात्पुरती परवानगी मिळाली. पण दुःखात असलेल्या बाईला आधी व्हिसाची काळजी करायला लावणाऱ्या व्यवस्थेत गडबड आहे, हे कळायला वकील लागत नाही.

‘पण तिथल्या पोरांचं काय?’

हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतला एखादा बेकार तरुण म्हणतो, बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या खातात. हे वाक्य आपल्याला नवं नाही. जालन्यात स्टीलच्या भट्टीवर, रोलिंग मिलवर घाम गाळणारे कितीतरी कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, ओडिशातून आलेले आहेत. त्यांच्याबद्दल कट्ट्यावर आपणही हेच बोलतो.

पण एक गोष्ट नीट बघा. बाहेरचा माणूस स्वस्त का पडतो? तो बाहेरचा आहे म्हणून नाही, तर अडकलेला आहे म्हणून. ज्याची खोली, जेवण आणि हजेरी एकाच ठेकेदाराच्या हातात, तो जादा तासांना ‘नाही’ म्हणू शकत नाही. ज्याचा व्हिसा एकाच कंपनीच्या हातात, तोही पगारवाढ मागताना दहादा विचार करतो. असा अडकलेला माणूस शेजारच्या खुर्चीवर बसला, की स्थानिकाचाही भाव पडतो. म्हणून त्याला लवकर परमनंट करण्यात स्थानिकाचाच फायदा आहे. मोकळा झालेला माणूस नोकरी बदलेल, चांगला पगार मागेल, स्वतःची कंपनी काढून चार जणांना काम देईल. मग स्वस्त मजूर म्हणून त्याला कुणी वापरू शकणार नाही.

कागद नसलेल्या माणसाचं काय होतं, हे जालन्याला वेगळं सांगायला नको. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातले होते, कामाला जालन्याच्या स्टील कारखान्यात होते. लॉकडाऊनमध्ये काम थांबलं आणि गावाकडची रेल्वे मिळेल या आशेनं ते पायी निघाले. ज्या गावात हात राबले, त्या गावात टिकून राहायला त्यांच्याकडं आधार नव्हता.

अर्थात देशातली आणि परदेशातली गोष्ट एक नाही. भारतीय नागरिकाला देशात कुठंही राहण्याचा हक्क घटनेनंच दिलाय. तरी महाराष्ट्राच्या डोमिसाइलसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. १५ वर्षंही खूप झाली. पण तिथं तुमची स्वतःची वर्षं मोजतात. तुमच्या राज्यातून आधीच किती जण आलेत, हे कुणी मोजत नाही. अमेरिकेच्या रांगेत नेमकं हेच उलटं आहे.

फुलांनी हललेलं सरकार

ही रांग हलतच नाही, असंही नाही. जुलै २००७ मध्ये अमेरिकी सरकारनं आधी जवळपास सगळ्या गटांना अंतिम अर्ज करायची मुभा दिली. लोकांनी धावपळ करून कागद जमवले, वैद्यकीय तपासण्या केल्या आणि २ जुलैला सरकारनं दार बंद केलं. ‘लगे रहो मुन्नाभाई’ येऊन वर्षही झालं नव्हतं. चिडलेल्या भारतीयांनी गांधीगिरी केली. इमिग्रेशन खात्याचे प्रमुख एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कार्यालयात त्यांनी शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. गोन्झालेझ यांनी ती फुलं जखमी सैनिकांच्या रुग्णालयात पाठवली. पण १७ जुलैला सरकारनं माघार घेतली आणि अर्ज पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

त्यानंतर २०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढण्याचं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. डिसेंबर २०२० मध्ये सिनेटनंही वेगळा मसुदा मंजूर केला. दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही आणि सगळं वाया गेलं. पुढं सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून येणाऱ्या नव्या एच-वन-बीसाठी एक लाख डॉलर शुल्क लावलं. पण नव्यांसाठी दार किती उघडं ठेवायचं, हा त्या देशाचा प्रश्न. जे दहा-बारा वर्षं आत राबतायत, टॅक्स भरतायत, त्यांना टांगून ठेवणं हा न्यायाचा प्रश्न आहे.

मागणी साधी आहे. जन्मस्थानाची मर्यादा काढा. ती नुसती काढली तर इतर देशांची रांग लांबेल, म्हणून एकूण आकडाही वाढवा आणि बायको-मुलांना त्यात मोजू नका. मुलांचं वय अर्जाच्या दिवशी गोठवा. थांबण्याला काहीतरी शेवट असू द्या. जर्मनीत ‘ब्लू कार्ड’वर काम करणाऱ्याला २७ महिन्यांनी कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो, जर्मन चांगली येत असेल तर २१ महिन्यांनीच. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तो आयटीआयवाल्यांनीही लक्षात ठेवावा.

तेव्हा मित्रांनो, कन्सल्टंटच्या ऑफिसात बसाल तेव्हा पॅकेजच्या आधी परमनंट व्हायची वर्षं विचारा. तो ‘होतं हो सगळं’ म्हणाला, तर दर महिन्याला निघणारं व्हिसा बुलेटिन स्वतः उघडून भारताच्या रकान्यातली तारीख वाचा. आणि आपल्या एमआयडीसीत दहा वर्षं भट्टीसमोर उभा असलेला कारागीर भेटला, तर ‘गाव कौनसा?’ एवढ्यावर थांबू नका. ‘भैया, परमनंट हुए क्या?’ हेही विचारा.