पाऊणकीत बसणारा समुद्र

समजा, आज अष्टमी आहे. तुम्हाला उरणच्या मोरा बंदरातून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला जायचंय. भरती किती वाजता असेल? मोबाइल काढू नका. आठाची पाऊणपट करा. सहा! सकाळी सहाच्या आसपास पाणी भरलेलं असणार आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पुन्हा. मधे, बाराच्या सुमारास ओहोटी. झालं गणित.

यात लागलं काय? गणिताच्या तासाला मुलं पाव, अर्धा, पाऊण शिकतात तो अपूर्णांक, आणि परिसर अभ्यासात येतात त्या चंद्राच्या कला नि तिथ्या. दोन वेगळी पुस्तकं, दोन वेगळे तास, आणि बहुतेक शाळांत या दोघांची कधी गाठच पडत नाही. पण कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी, तांडेलांनी त्यांची सोयरीक केव्हाच जुळवून टाकली : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. त्यातली पाऊणकी इथे थेट समुद्राला लावलेली आहे.

पण समुद्राने आपल्या पाढ्याप्रमाणे का वागावं?

चंद्र पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे तो रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. भरती त्याच्या मागोमाग येते, म्हणजे तीही रोज तेवढीच मागे सरकते. आता तिथीच्या मापाने मोजू. अमावास्या ते अमावास्या तिथ्या ३०. तेवढ्या काळात चंद्र सूर्याच्या मानाने एक पूर्ण फेरी मारतो आणि भरतीची वेळही घड्याळात पूर्ण २४ तास फिरून येते. २४ तासांना ३० ने भागा : एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. चूक फक्त तीन मिनिटांची!

तीन-तीन मिनिटं साचत गेली तर? पंधरा तिथ्यांत पाऊण तास साचतो. पौर्णिमेला पाऊणकी सांगते सव्वाअकरा, आणि सरासरीच्या हिशेबाने यायला हवेत बारा. इथे मला या हिशेबाला हात जोडावेसे वाटतात, कारण पौर्णिमेनंतर आपण सोळा म्हणत नाही, पुन्हा प्रतिपदा म्हणतो. एकाची पाऊणपट, म्हणजे बारा वाजून पंचेचाळीस मिनिटं. खरी सरासरी बारा अठ्ठेचाळीस. साचलेली चूक एका फटक्यात साफ! चूक होणार, पण ती दर पंधरवड्याला आपोआप पुसली जाणार, अशी सोय पंचांगातच आहे.

आता मुलं हमखास विचारतात तो प्रश्न. चंद्र एक, मग भरती दिवसातून दोनदा का? चंद्र पाणी ओढतो हे ठीक, पण पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचं पाणी कोण फुगवतं?

मैदानावर तीन मुलं एका रांगेत पळताहेत असं समजा. पुढचं सगळ्यात जोरात, मधलं जरा हळू, मागचं त्याहून हळू. थोड्या वेळाने मधल्याने मान वळवली तर त्याला पुढचंही लांब गेलेलं दिसेल आणि मागचंही लांब राहिलेलं. चंद्राकडचं पाणी हे पुढचं मूल, पृथ्वी मधलं, पलीकडचं पाणी मागचं. जवळच्यावर ओढ जास्त, लांबच्यावर कमी. म्हणून पाणी दोन्ही बाजूंना फुगतं. भरती घडते ती ओढीने नव्हे, ओढीतल्या फरकाने.

हा फरक ध्यानात आला की आणखी एक कोडं सुटतं. सूर्याची पृथ्वीवरची एकूण ओढ चंद्राच्या पावणेदोनशे पट आहे. तरी समुद्रावर सत्ता चंद्राची! कारण सूर्य चंद्रापेक्षा जवळजवळ ३९० पट लांब आहे आणि इतक्या लांबून पृथ्वीची अलीकडची बाजू काय नि पलीकडची काय, त्याला सारखीच. भरती घडवण्यात त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही कमी पडतो. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येऊन जोर लावतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, एकमेकांचं काम बिघडवतात, तेव्हा भांगाची भरती.

याचा एक परिणाम मोऱ्याच्या माणसाला चांगलाच माहीत आहे. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच येणार आणि त्या तिथ्यांना पाऊणकी बाराच्या जवळपासच उतरणार. म्हणजे मुंबईची मोठी भरती नेहमी दुपारी नाहीतर मध्यरात्री, बारा ते दीडच्या सुमारास. मग मोठ्यात मोठी ओहोटी कधी? सहा-सात तास पुढे-मागे. सकाळ-संध्याकाळ, नेमकी कामावर जायची आणि घरी यायची वेळ! मोरा बंदर गाळाने भरतं, पाणी फार उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या काही काळ थांबवाव्या लागतात. चाकरमानी चरफडतो आणि बंदराला दोष देतो. बंदरातला गाळ खराच, पण वेळ साधली ती चंद्र-सूर्यांनी.

ही पाऊणकी जगभर चालत नाही बरं. खंडं आडवी येतात, खाड्या नि उथळ तळ पाण्याची चाल बदलतात, त्यामुळे प्रत्येक बंदराचा चंद्राशी हिशेब वेगळा. लंडन ब्रिजपाशी पौर्णिमेची भरती दुपारी दोनच्या सुमारास येते. उंचीचंही तसंच. गोव्यात पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईत उधाणाला पाच मीटरच्या घरात, आणि खंभातच्या निमुळत्या आखातात भावनगरला दहा मीटरहून जास्त. चंद्र तोच! भारतातल्या बंदरांचे भरतीचे तक्ते काढण्यासाठी १८७९ मध्ये इंग्लंडात एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली चाकं-कप्प्यांचं एक खास यंत्र बनवलं गेलं. एकेक चाक चंद्र-सूर्याच्या एकेका चालीचं. पाऊणकी म्हणजे त्या सगळ्यातलं एकच चाक, तोंडपाठ करण्याजोगं.

आणि हे चाकसुद्धा कायमचं नाही. भरतीचं पाणी तळाशी घासतं, त्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं कणाकणाने मंदावतं आणि चंद्र दर वर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातो. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजता आलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका खडकात जुन्या भरती-ओहोटीच्या गाळाचे पातळ थर जसेच्या तसे दगड झालेत. ते मोजून कळलं की सुमारे ६२ कोटी वर्षांपूर्वी दिवस जेमतेम २२ तासांचा होता. ज्या गाळात मोऱ्याची लाँच अडते, तसल्याच गाळाने हा हिशेब लिहून ठेवला!

म्हणून किनाऱ्यावरच्या शाळांतल्या गुरुजींना नि बाईंना एक विनंती. पाऊण शिकवाल त्याच आठवड्यात मुलांना रोजची तिथी फळ्यावर लिहायला सांगा, तिची पाऊणपट करायला लावा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्याशी उत्तर पडताळायला द्या. अर्धा-पाऊण तासाचा फरक दिसेल, तो का पडला हेही मुलांनाच शोधू द्या. पाण्यात उतरायचं असेल तर मात्र भरवसा तक्त्यावरच ठेवायचा, हे त्याच तासाला बजावून सांगा.