मागापासून मोटारीपर्यंत : सुझुकीची कहाणी आणि आपला अनुभव

मारुतीची व्हॅन पाहिली नाही असा कापड व्यापारी नाशिक जिल्ह्यात सापडणार नाही. मालेगावहून थाने आणायची असोत, येवल्याचा माल पोहोचवायचा असो किंवा लग्नसराईत घरच्या मंडळींना घेऊन निघायचे असो, ही गाडी आपल्या धंद्याची आणि घराचीही सोबतीण झाली. मात्र या गाडीमागे जी जपानी कंपनी उभी आहे, त्या सुझुकीचा पहिला धंदा मोटारीचा नव्हता. तो कापड विणण्याच्या मागांचा होता. आपल्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट ठाऊक नसेल. जो समाज माग चालवून आणि कापड विकून रोजी कमावतो, त्याने ही हकीकत नीट समजून घेतली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

सुताराच्या हाताखालचा मुलगा

मिचिओ सुझुकी यांचा जन्म १८८७ साली जपानमधील हमामात्सु भागात झाला. हा मुलूख कापूस आणि विणकामासाठी प्रसिद्ध होता. घरची स्थिती बेताची, म्हणून लहान वयात त्यांना एका सुताराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात घरबांधणीची कामे आटली, तेव्हा उस्ताद सुताराने लाकडी माग बनवायला सुरुवात केली. अशा रीतीने शिष्याच्या हातीही मागाचे काम आले. उमेदवारी संपल्यावर मिचिओने जो पहिला माग तयार केला तो आपल्या आईला दिला, असे सांगतात. १९०९ साली रेशमाचे किडे पाळण्याच्या एका जुन्या शेडमध्ये त्यांनी स्वतःचा माग-कारखाना काढला. सुझुकीची सुरुवात ती हीच.

पुढची गोष्ट आपल्या कारखानदारांनी विशेष ध्यानात घ्यावी. साध्या मागावर एकच धोटा धावतो, म्हणून बाण्याचा रंगही एकच राहतो. आडवे पट्टे किंवा चौकडी काढायची तर विणकराला माग थांबवून पुन्हा पुन्हा धोटा बदलावा लागे. यात वेळ जाई आणि मजुरी वाढे. ही अडचण ओळखून मिचिओने धोट्याच्या पेट्या वरखाली करणारी जोडणी बसवली. त्यामुळे दोन रंगांचे दोन धोटे एकाच मागावर चालू लागले. हे १९१२ च्या सुमाराचे. आपल्याकडे ज्याला ड्रॉपबॉक्स म्हणतात, त्याच जातीची ही कल्पना. १९२० साली कारखान्याची रीतसर कंपनी झाली. पुढे आग्नेय आशियात लुंगीसारखे जे सरोंग नेसतात, त्या चौकडीच्या कापडासाठी खास माग बनवून ते परदेशी पाठवले जाऊ लागले. थोडक्यात, गिऱ्हाईक काय नेसते हे पाहून माग बनवला आणि माग विकला गेला.

शेजारचा दुसरा माग-कारागीर

त्याच भागातील साकिची टोयोडा हेही सुताराचे पुत्र. त्यांनी १९२४ साली, माग न थांबता धोटा आपोआप बदलणारा स्वयंचलित माग पूर्ण केला. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने विकत घेतले. ज्या लँकेशायरची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत बसली होती, त्याच लँकेशायरला जपानी कारागिराकडून हुनर विकत घ्यावे लागले. साकिचींचे पुत्र किइचिरो यांनी मोटारीचा ध्यास घेतला आणि १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. जपानच्या दोन मोठ्या मोटार कंपन्या अशा रीतीने विणकरांच्या गरजेतून जन्मल्या.

धंदा तेजीत असताना पुढचा विचार

सुझुकीचे माग चांगले खपत होते, तरी १९३७ च्या सुमारास मिचिओने छोट्या मोटारीचे प्रयोग सुरू केले. त्यांचा हिशेब सरळ होता. चांगला माग वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून एकदा घेतलेले गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. धंदा वाढवायचा तर दुसरी वस्तूही हाताशी हवी. इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन ही लहान गाडी समोर ठेवून काम सुरू झाले, परंतु महायुद्धामुळे ते थांबले.

युद्धानंतर कंपनी पुन्हा मागांकडे वळली. १९५० साली कामगारांचा मोठा तंटा झाला आणि कंपनी डबघाईला आली. अशा वेळी टोयोडाच्या माग-कंपनीने तिला आधार दिला. एकाच बाजारातील प्रतिस्पर्ध्याने केलेली ही मदत व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९५१ साली कापसाचा बाजार कोसळला. आता मागांवर भागणार नाही हे स्पष्ट झाले.

मिचिओचे जावई शुन्झो यांना मासे पकडण्याचा शौक होता. वाऱ्याच्या विरुद्ध सायकल रेटताना, हिला छोटे इंजिन बसवले तर, असा विचार त्यांच्या मनात आला, असे सांगतात. १९५२ साली ३६ सीसीचे इंजिन बसवलेली ‘पॉवर फ्री’ सायकल बाजारात आली. १९५४ साली कंपनीच्या नावातून माग गेला आणि मोटर आली. त्याच वर्षी नमुन्याच्या गाड्या हाकोनेचा डोंगर चढवून टोकियोपर्यंत चालवत नेल्या गेल्या. १९५५ साली ३६० सीसीची ‘सुझुलाइट’ ही छोटी मोटार विक्रीस निघाली.

या काळात मागाचे काम एकदम टाकून दिले गेले नाही. तो विभाग १९६१ साली वेगळा करण्यात आला. म्हणजे नवा धंदा पायावर उभा राहीपर्यंत जुन्या धंद्याने त्याला पोसले. लोखंड घासणे, अचूक माप राखणे, हलते भाग जुळवणे हे हुनर मागातून इंजिनात आले. कारीगर तोच होता, माल बदलला.

भारतात आगमन

शुन्झोचे जावई ओसामु यांचे मूळचे आडनाव मात्सुदा. लग्नानंतर त्यांनी सुझुकी घराण्याचे नाव घेतले. १९७८ साली ते कंपनीचे अध्यक्ष झाले. १९७९ साली त्यांनी ‘अल्टो’ ही गाडी ४ लाख ७० हजार येन अशा स्वस्त किमतीत आणून जपानचा बाजार हलवून सोडला. त्यांच्या कारखान्यात एक सूत्र चालत असे : वस्तू लहान असावी, भाग थोडे असावेत, वजन हलके, लांबी आखूड आणि काम सुबक. ज्याचा नफा पैशापैशात मोजला जातो अशा आपल्या कारखान्यांतही हे सूत्र लिहून लावण्यासारखे आहे.

त्या वेळी आपल्या देशात गाडी म्हणजे अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९८१ साली मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी सुझुकीशी करार झाला. त्यात सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. त्याच महिन्यात मिचिओ सुझुकी वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि किंमत सुमारे ४८ हजार रुपये. १९८४ साली त्याच इंजिनावर व्हॅन आली आणि तिचेच पुढे ‘ओम्नी’ असे नामकरण झाले. जिप्सी १९८५ ची, झेन १९९३ ची, अल्टो २००० ची.

सुरुवातीस बहुतेक भाग जपानहून येत. पुढे येन महागला तसे ते भाग परवडेनासे झाले, आणि भाग देशातच बनवण्याच्या कामाला जोर आला. त्यातून देशभर छोट्यामोठ्या पुरवठादारांचे जाळे वाढले. आपल्या सातपूर आणि अंबडमध्येही मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत. एक गाडी रस्त्यावर येते तेव्हा तिच्यामागे लेथवाला, रबरवाला, शिवणकाम करणारा अशा कितीतरी हातांना काम मिळते.

१९९२ साली सुझुकीचा हिस्सा ५० टक्के झाला. २००७ साली सरकार पूर्णपणे बाहेर पडले आणि कंपनीचे नाव मारुती सुझुकी इंडिया झाले. ओसामु सुझुकी २५ डिसेंबर २०२४ रोजी वारले. भारत सरकारने २०२५ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. टोयोटा आणि सुझुकी २०१९ पासून एकमेकांच्या भागीदार आहेत. बलेनो आणि ग्लान्झा या मुळात एकच गाडी, नावे मात्र दोन.

कापडवाल्यांचा अनुभव

आमच्या दुकानात पहिली गाडी आली ती जुनी ओम्नी, रोखीने घेतलेली. व्याजाच्या हप्त्यात न अडकता जुनी गाडी घेणे आपल्या बाजारात पुष्कळांनी पसंत केले. ओम्नी त्यांना परवडली याची कारणे साधी आहेत. तळ खाली असल्याने गठ्ठा उचलून ठेवणे सोपे. दोन्ही बाजूंचे दरवाजे सरकते, म्हणून भद्रकाली आणि दूध बाजाराच्या अरुंद गल्लीतही माल उतरवता येई. मागची सीट काढली की थाने बसत, लावली की कुटुंब बसे. इंजिन ८०० चेच असल्याने कोणत्याही नाक्यावरच्या मिस्त्रीला ती उघडता येई आणि भाग लगेच मिळत. मालेगावचा जॉबर जसा आवाज ऐकून मागाचा बिघाड सांगतो, तसे आपले मिस्त्री इंजिनाचा बिघाड सांगत. विकायला काढली की गिऱ्हाईकही पटकन मिळे.

परंतु नुसते गुण सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली होते आणि चालकाच्या पुढे टक्कर झेलणारा भागच नव्हता. समोरासमोरच्या अपघातात ही मोठी उणीव होती. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा २०१९ साली ती बंद झाली. मारुती ८०० त्याआधीच २०१४ साली थांबली होती. आता व्हॅनच्या जागी २०१० पासून ईको आहे, तर मालासाठी २०१६ पासून सुपर कॅरी हा छोटा ट्रक मिळतो. स्वस्त गाडी चांगली, मात्र घरच्या माणसांच्या जिवापेक्षा स्वस्ताई मोठी नाही. राहूड किंवा कसाऱ्याच्या घाटात मर्यादेपेक्षा जास्त माल भरून गाडी नेणे हे तर कोणत्याही कंपनीच्या गाडीला झेपणारे नाही.

गाडी घेणाऱ्यांनी एवढे पाहावे

एक, जुनी गाडी घेताना आर.सी. पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, विमा चालू आहे का आणि पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली आहे का, हे आधी तपासावे. गॅसचे किट असेल तर त्याची नोंद पुस्तकात असलीच पाहिजे.

दोन, खाजगी नंबरच्या गाडीतून नियमित धंद्याचा माल वाहणे कायद्याला धरून नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. रोज माल वाहायचा असेल तर मालवाहू म्हणून नोंदलेली गाडीच घ्यावी.

तीन, रंग पाहून भुलू नये. गालिचा उचलून तळाचा गंज पाहावा, थंड इंजिन सुरू करून धूर पाहावा आणि ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा.

चार, गाडीची वेगळी वही ठेवावी. इंधन, दुरुस्ती, विमा आणि टायर यांचा खर्च लिहून किलोमीटरने भागावा. टेम्पोचे भाडे त्याहून कमी पडत असेल तर गाडी धंद्यासाठी नाही, हौसेसाठी आहे, असे समजावे.

मालेगावसाठी बोध

१८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी मालेगाव वाढवले. १९३० च्या दशकात तेथे यंत्रमाग आले. त्यातले कित्येक माग मुंबईच्या गिरण्यांतून निघालेले जुने होते. आपल्या कारीगरांनी ते खोलले, जुळवले आणि पिढ्यान् पिढ्या चालते ठेवले. हे हुनर लहान नाही. हमामात्सुच्या लोकांकडे सुरुवातीला याहून वेगळे काही नव्हते. फरक एवढाच की त्यांनी माग दुरुस्त करण्यावर समाधान मानले नाही, तो सुधारला. एक माल चालत असतानाच दुसऱ्या मालाची तयारी केली. घराण्यात योग्य माणूस दिसला नाही तेव्हा कर्तबगार जावयाच्या हाती कारभार सोपवला.

आज ग्रे कापडाला भाव मिळत नाही, विजेचे बिल वाढते आणि तरुण मुले कारखान्यात बसायला तयार नाहीत, ही तक्रार आपण रोज ऐकतो. ती खोटी नाही. पण ज्या मुलाचा हात मागावर बसलेला आहे, त्याला दोन वर्षे आय.टी.आय. मध्ये फिटर, टर्नर किंवा मोटार मेकॅनिकचे शिक्षण दिले तर तो हात वाया जात नाही. सातपूर-अंबडचे कारखाने आपल्यापासून दूर नाहीत. कारखानदारांनीही आपल्या जॉबरला केवळ मजूर न समजता, मागात काय सुधारणा करता येईल हे त्याला विचारावे आणि चार पैसे प्रयोगासाठी बाजूला काढावेत. ही सुरुवात पुढच्या लग्नसराईची वाट न पाहता मंदीच्या याच दिवसांत करावी, एवढीच आमची वाचक बंधूंना विनंती आहे.