माणसावाचून दुकान : विक्रीयंत्राचा छोटा व्यवसाय

रेल्वे स्थानकाच्या फलाटावरील वजनाचे यंत्र भारतातील कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. त्यावर उभे राहून फटीत नाणे टाकले की आत काही क्षण खडखड होई आणि जाड कागदाचे एक लहानसे तिकीट खाचेत येऊन पडे. तिकिटावर वजन छापलेले असे, आणि बरोबरीने भविष्य सांगणारे एखादे वाक्यही. पैसे घेऊन त्यांचा मोबदला स्वतःच देणाऱ्या यंत्राशी सामान्य भारतीय माणसाची पहिली ओळख बहुधा अशीच झाली. आज रुग्णालये, महाविद्यालये, कचेऱ्या आणि मेट्रोची स्थानके यांतून दिसणारी शीतपेयांची, खाऊच्या पाकिटांची वा कॉफीची विक्रीयंत्रे ही त्याच कुळातील होत.

कल्पना फार जुनी आहे. अलेक्झांड्रिया येथील हेरॉन या यंत्रज्ञाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात देवळातील पवित्र जल देणाऱ्या एका यंत्राचे वर्णन केले आहे. त्यात टाकलेले नाणे एका तरफेच्या टोकावर पडे, त्याच्या भाराने झडप उघडे, आणि नाणे घसरून खाली पडेपर्यंत पाणी वाहत राही. आधुनिक काळात पर्सिव्हल एव्हरिट याने १८८३ साली इंग्लंडमध्ये पोस्टकार्डे विकणारे यंत्र बनवले, तर १८८८ साली न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर च्युइंग गम विकणारी यंत्रे उभी राहिली. या यंत्रांना आगगाडीचा फलाट मानवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे गिऱ्हाईक पुष्कळ, त्याच्याजवळ वेळ थोडा, आणि वस्तू अगदी किरकोळ किमतीची.

यंत्राची जागा कोणती?

अल्प भांडवलावर हा व्यवसाय करू पाहणाऱ्याने पहिला प्रश्न यंत्राविषयी न विचारता जागेविषयी विचारावा. आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर टपरी आणि किराणा दुकान असते. तेथील दुकानदार गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, उधारी ठेवतो, सुटे पैसे देतो, खराब निघालेले पाकीट बदलूनही देतो. यांपैकी फारच थोड्या गोष्टी यंत्राला जमतात. म्हणून जेथे दुकानदार आहे तेथे यंत्र बहुधा हरते. जेथे दुकानदार पोहोचू शकत नाही किंवा थांबू शकत नाही, तेथेच ते जिंकते. रात्री दोन वाजता रुग्णाच्या उशाशी बसलेला नातेवाईक, रात्रपाळीचा कामगार, वसतिगृहाचे दार बंद झाल्यावर अभ्यास करणारा विद्यार्थी, ही यंत्राची खरी गिऱ्हाइके होत.

भारतात यंत्रविक्रीचा जो प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर रुजला, तो पाहिला म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दुधाचा महापूर योजनेच्या काळात, १९७४ साली, दिल्लीत मदर डेअरी सुरू झाली. तिच्या विक्रीकेंद्रांत टोकन टाकले की थंडगार दुधाची नेमकी धार गिऱ्हाइकाच्या भांड्यात पडे. मापात खोट नाही, हाताचा स्पर्श नाही. तथापि त्या केंद्रात एक माणूस असेच, आणि अनेक केंद्रे माजी सैनिकांकडे सोपवलेली होती. टोकने देणे, स्वच्छता राखणे, तक्रार ऐकणे हे त्याचे काम. मुंबईच्या उपनगरी रेल्वेनेही स्वयंचलित तिकीटयंत्रे बसवल्यावर त्यांच्याजवळ निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना मदतनीस म्हणून उभे केले. यंत्र दुकानदाराची उपस्थिती वाचवते, त्याचे काम वाचवत नाही, हाच यातील बोध. या व्यवसायात बुडालेल्या पुष्कळांची चूक हा बोध विसरण्यातच असते.

आत काय चालते?

पाकिटे विकणाऱ्या नेहमीच्या यंत्रात कप्प्याकप्प्यांतून तारेची वेटोळी बसवलेली असतात. दोन वेढ्यांच्या मधल्या जागेत एकेक पाकीट उभे असते. मागणी नोंदवताच लहानशी मोटार वेटोळे एकदा पूर्ण फिरवते आणि सर्वांत पुढचे पाकीट खाली पडते. चांगल्या यंत्रात खालच्या बाजूस प्रकाशकिरणांचा पडदा असतो. वस्तू पडताना किरण तुटला नाही, तर यंत्र वेटोळे पुन्हा फिरवते अथवा पैसे परत करते. थोडी अधिक किंमत मोजूनही ही सोय असलेले यंत्रच घ्यावे, कारण अडकलेले पाकीट हे या धंद्यातील भांडणाचे पहिले कारण होय.

नाणे पारखणारा भाग त्याचा व्यास, जाडी आणि धातूचे गुणधर्म तपासतो. आपल्या नाण्यांचे नमुने अनेक असल्यामुळे हे काम येथे अवघड होते. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने चलनात असून ते सर्व वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये करावा लागला होता. मोबाइल फोनवरून तत्काळ पैसे देण्याची यूपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. मात्र तिच्याबरोबर नवी अडचणही आली. तळघरात किंवा जाड भिंतींच्या इमारतीत फोनचे जाळे पोहोचत नाही. अशा वेळी पैसे खात्यातून जातात आणि वस्तू मात्र पडत नाही. म्हणून जागा ठरवताना तेथे फोन नीट चालतो की नाही, हे स्वतः उभे राहून पाहावे.

हिशोब

आकडे जागोजाग बदलतात, परंतु रीत समजावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, शीतकरणाची सोय असलेले यंत्र दीड लाख रुपयांना पडले. त्यातून रोज सरासरी २० रुपयांच्या ६० वस्तू विकल्या गेल्या, तर दिवसाची विक्री १,२०० रुपये होते. खरेदी-विक्रीतील फरक शेकडा १५ धरला, तर दिवसाचे १८० आणि महिन्याचे ५,४०० रुपये हाती येतात. आता जागाभाडे १,५००, वीज १,८००, जाण्यायेण्याचा खर्च ६०० आणि खराब माल ३०० असे ४,२०० रुपये वजा केले, तर उरतात १,२००. या गतीने यंत्राची किंमत वसूल होण्यास १२५ महिने, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर यंत्रच जुने झालेले असेल.

हेच यंत्र रोज १२० वस्तू विकणाऱ्या जागी ठेवले, तर मिळकत १०,८०० होते. भाडे आणि वीज तेवढीच राहते. फेऱ्यांचा खर्च ११०० आणि खराब माल ६०० धरला, तरी एकूण खर्च ५,००० वर थांबतो. शिल्लक ५,८०० राहते आणि भांडवल सुमारे २६ महिन्यांत सुटते. विक्री दुप्पट झाली, पण शिल्लक जवळजवळ पाचपट झाली. सर्व मर्म या फरकात आहे. म्हणून करार करण्यापूर्वी निदान सात दिवस, वेगवेगळ्या वेळी, त्या जागी थांबून येणारी-जाणारी माणसे मोजावीत. यंत्र विकणारा दरमहा ठरावीक उत्पन्नाची हमी देत असेल, तर तो स्वतःच यंत्रे का चालवत नाही, हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा.

कायदा आणि करार

येथे एक मर्यादा विशेषत्वाने सांगितली पाहिजे. वेष्टनबंद वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, आणि २०११ च्या वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या नियमांनुसार त्याहून अधिक किंमत विक्रेत्याला घेता येत नाही. सोयीची किंमत म्हणून दोन रुपये चढवण्याची मुभा नाही. तेव्हा नफा गिऱ्हाइकाकडून न काढता घाऊक खरेदीतच काढावा लागतो. पेल्यात ओतून दिलेल्या चहा-कॉफीला हे बंधन लागू पडत नाही. तिची किंमत आपण ठरवू शकतो आणि फरकही अधिक राहतो. मात्र दुधाच्या भुकटीमुळे त्या यंत्राच्या नळ्या तुंबतात व ती रोजच्या रोज धुवावी लागतात. अधिक नफा हा येथे अधिक श्रमाचाच मोबदला आहे.

खाद्यपदार्थ विकणाऱ्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. जागेच्या मालकाशी करार लेखी असावा. भाडे ठरावीक की विक्रीचा वाटा, विजेचे बिल कोणी भरायचे, यंत्रापर्यंत कोणत्या वेळी जाता येईल, यंत्र हलवण्यास किती दिवसांची सूचना द्यायची, आणि त्याच जागी दुसऱ्याचे यंत्र येणार की नाही, या पाच गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात.

रोजची देखभाल

माल भरताना जुना पुढे आणि नवा मागे, हा नियम मोडू नये. मुदत संपलेले एक पाकीट शंभर गिऱ्हाइके घालवते. प्रत्येक वेटोळ्यातून किती वस्तू गेल्या याची वही ठेवावी. दोन आठवड्यांत जो माल हलला नाही, तो काढून दुसरा लावावा. उन्हाळ्यात चॉकलेट वितळते, पावसाळ्यात ओलाव्याने विजेच्या जोडण्या गंजतात, मुंग्या आणि उंदीर बारमाही असतात. वीज वारंवार जात असेल तेथे दुधाची पेये ठेवूच नयेत. यंत्राला योग्य भूसंपर्क तार जोडलेली आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. ओल्या हाताने स्पर्श करणारे मूलही गिऱ्हाईकच असते.

शेवटी, यंत्रावर मोठ्या अक्षरांत आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा आणि तो उचलावा. वीस रुपये अडकून बसले, तर ती रक्कम लहान असली तरी अन्याय लहान वाटत नाही, कारण निर्जीव पेटीशी वाद घालता येत नाही. ते पैसे त्याच दिवशी परत करणारा मनुष्य त्या जागी टिकतो. नवख्याने पहिले यंत्र घरापासून सहज जाता येईल अशाच ठिकाणी ठेवावे, आणि त्याचा एक वर्षाचा हिशोब हाती येईपर्यंत दुसऱ्याचा विचार करू नये. एक उन्हाळा, एक पावसाळा, परीक्षांचा हंगाम आणि सुट्टीतील शुकशुकाट एवढे सारे पाहून झाल्यावरही वहीत शिल्लक दिसत असेल, तर आपली साठवलेली पुंजी योग्य जागी गुंतली आहे, असे समजावे.