लाकूड कोण पचवतं?

नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर कोहमारा हे फाट्याचं गाव. एक रस्ता उत्तरेला गोंदियाकडे वळतो, दुसरा दक्षिणेला नवेगावबांधकडे, आणि दोन्हीकडे नवेगाव-नागझिऱ्याचं पानगळीचं जंगल. या जंगलात दरवर्षी पाला पडतो, वादळात फांद्या मोडतात, म्हातारी झाडं उन्मळतात. पाला वर्षा-दोन वर्षांत मातीत जातो. पण खोडाचं काय होतं?

लाकडात सेल्युलोज असतं, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्यांना धरून ठेवतं लिग्निन. इथल्या झाडीपट्टीतली कुडाची भिंत डोळ्यांपुढे आणा : बांबूच्या कामट्या म्हणजे सेल्युलोज, त्यांवर लिंपलेली माती म्हणजे लिग्निन. फक्त ही माती पावसात विरघळत नाही. लाकडाच्या वजनात साधारण २० ते ३० टक्के लिग्निनच असतं. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव तणसातलं सेल्युलोज फोडतात, लिग्निन मात्र बहुतेक सगळं शेणातून बाहेर पडतं.

इतका हटवादीपणा त्याच्या घडणीतच आहे. सेल्युलोजमध्ये एकच बंध हजारो वेळा येतो, त्यामुळे तो बंध तोडणारी मोजकी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असली की काम भागतं. लिग्निनचे घटक मात्र झाड कुठल्याही ठरीव क्रमानं जोडत नाही. ते जसे भेटतील तसे, वेगवेगळ्या बंधांनी एकमेकांना चिकटतात आणि कडीच्या आकाराच्या रेणूंचं एक वेडंवाकडं जाळं तयार होतं. नेमक्या जागी बसून नेमका बंध तोडणाऱ्या विकराला इथे बसायला जागाच सापडत नाही.

मग लाकूड कुजवणाऱ्या बुरशीनं वेगळी युक्ती काढली. बंध शोधत बसायचंच नाही. लिग्निनच्या कडीतून एक इलेक्ट्रॉन ओढून घ्यायचा आणि अस्थिर झालेला रेणू आपोआप तुटू द्यायचा. हे काम करणारं ‘लिग्निन पेरॉक्सिडेज’ हे विकर १९८३ साली अमेरिकेतल्या संशोधकांच्या दोन गटांना स्वतंत्रपणे सापडलं. त्यांतले टीन आणि कर्क हे मॅडिसनच्या वनोपज प्रयोगशाळेतले. ज्या बुरशीत ते सापडलं त्या फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियमला ३९-४० अंशांचं तापमान सर्वांत मानवतं, म्हणजे विदर्भाचं हवामान तिला परकं वाटू नये. या विकराच्या गाभ्यात आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते तशीच लोह धरलेली हीमची कडी असते. त्याला लागणारं हायड्रोजन पेरॉक्साइडही बुरशी स्वतःच तयार करते. कर्क यांनी या सगळ्या प्रकाराला विकरांनी घडवलेलं ज्वलन म्हटलं होतं, आणि ते अगदी योग्य आहे. ही धूर नसलेली, थंड आगच आहे.

एक अडचण उरते. विकराचा रेणू एवढा मोठा असतो, की धडधाकट लाकडाच्या छिद्रांतून तो आत शिरूच शकत नाही. म्हणून मँगनीज पेरॉक्सिडेज हे दुसरं विकर स्वतः बाहेर थांबतं आणि मँगनीजच्या अणूचा इलेक्ट्रॉन काढून त्याला आत पाठवतं. बुरशीनंच सोडलेलं ऑक्झॅलेट या मँगनीजला सांभाळून नेतं. लॅकेज हे तिसरं विकर तांब्याच्या अणूंवर चालतं. जीन्सचा रंग फिका करायला कापडउद्योग हल्ली तेच वापरतो.

गंमत अशी, की या खटाटोपातून बुरशीच्या पदरात थेट काहीच पडत नाही. लिग्निन जाळून मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरत नाही. सगळा डाव मागच्या साखरेसाठी असतो. लिग्निन गेलं की खोड फिकट, पांढुरकं, रेशेदार होतं. हीच पांढरी कुज. हिमालयातल्या देवदार-चीडच्या लाकडात मात्र तपकिरी कुज जास्त दिसते. तिथली बुरशी लिग्निन जवळपास तसंच ठेवते आणि साखर तेवढी काढून घेते. उरलेलं लाकूड चौकोनी तुकड्यांत तडकतं.

माणसाला हेच काम कितीला पडतं? कागद गिरणीत बांबूतलं लिग्निन काढण्यासाठी त्याचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावात, दाबाखाली, १६०-१७० अंशांवर शिजवावे लागतात. जंगलातली बुरशी ते श्रावणातल्या ओल्या हवेत उरकते. वेळ तेवढा जास्त घेते.

दगडी कोळशाबद्दल एक लोकप्रिय गोष्ट सांगतात : पूर्वी लिग्निन पचवणारं कुणी नव्हतं म्हणून झाडं साचून कोळसा झाला, आणि पांढरी कुज आली तेव्हा कोळसा बनणं थांबलं. २०१२ साली ३१ बुरशींच्या जनुकसंचांची तुलना झाली आणि ही कुज साधारण २९ कोटी वर्षांपूर्वीची असल्याचा अंदाज निघाला. त्यानं या गोष्टीला बळ मिळालं. गोष्ट देखणी आहे, पण विदर्भातल्या माणसाला ती पटू नये. चंद्रपूरचा कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे साधारण ही बुरशी आल्यानंतरचा आहे. पाणथळ जागा, बुडालेली झाडं आणि हळूहळू खचत जाणारी खोरी एवढं जमून आलं तर बुरशी असूनही कोळसा होतो. साचलेल्या पाण्याखाली प्राणवायू जवळपास नसतो आणि त्यावाचून ही थंड आग पेटत नाही. २०१६ साली काही भूवैज्ञानिकांनीही खचती खोरी आणि हवामानाकडेच बोट दाखवलं.

बुरशीला कामाला लावणारेही आहेत. पावसाळ्यात झाडीपट्टीतल्या बाजारात सात्या येतात, त्या वारुळावर उगवतात. ही अळिंबी म्हणजे टर्मिटोमायसीस. वाळवी लाकूड-पाला चावून आत आणते, त्याचे मधाच्या पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. लिग्निन नेमकं कोण फोडतं, बुरशी की तरुण वाळवीचं आतडं, यावर अजून वाद आहे. २०१७ च्या एका अभ्यासानं आतड्याच्या बाजूनं कौल दिला. दोघांची ही सोबत सुमारे ३ कोटी वर्षं जुनी आहे आणि वाळवीशिवाय या बुरशीची लागवड माणसाला किफायतशीरपणे जमलेली नाही. धिंगरी अळिंबी तणसावर घरी वाढवता येते, सात्या नाही. म्हणून सात्या काढणाऱ्यांना एवढंच सांगणं : वर आलेल्या तेवढ्या काढा, मुळापर्यंत जायला वारूळ खणू नका. आणि विकत घेणाऱ्यांनी त्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्याव्यात; रानातली प्रत्येक अळिंबी खाण्याजोगी नसते.